काजळीची रेघ

‘एका वाक्यात सांगा, डॉक्टर. शाई विलायतेची की इथली?’ तळपदेसाहेबांनी विचारले.

‘इथली,’ मी म्हणाले. ‘आणि अलीकडची.’

वाक्ये दोन झाली. दुसरे कोणी मागितले नव्हते. ते मी आपणहून दिले.

१९७४ सालच्या जानेवारीतला तो सोमवार होता. मी तेव्हा मुंबईच्या कोट भागातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होते. तिथून दहा मिनिटांवर एका जुन्या विद्याप्रसारक सभेचे ग्रंथालय होते. त्याच्या वरच्या मजल्यावर लांब टेबलाशी आम्ही तिघे बसलो होतो : सभेचे मानद कार्यवाह दिनकरराव तळपदे, इंग्लंडहून आलेल्या संशोधक मिस हार्टली, आणि मी. मधोमध मखमलीच्या उशीवर एक पुस्तक उघडे होते. दाराशी, आत न येता, ग्रंथालयाचे बाइंडर बस्त्याव रुमाव उभे होते. वय सत्तावन्न, राहणार वसई, नोकरी पस्तीस वर्षे. अंगातला एप्रन काढून त्यांनी त्याची चौकोनी घडी केली होती आणि ती घडी ते छातीशी धरून होते.

पुस्तक चर्मपत्राचे, हाताने लिहिलेले, पंधराव्या शतकातले. इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावच्या चर्चमध्ये पाद्री ते समोर ठेवून मिस्सा, म्हणजे तिथली नेहमीची उपासना, म्हणत असे. आरंभी संतांच्या सणांचे पंचांग (दर महिन्याला पानाची एक बाजू, दर दिवसाला एक ओळ), पुढे प्रार्थना, मध्ये सोन्याचा वर्ख लावलेली चित्रे. १८७१ साली एका निवृत्त न्यायाधीशाने ते सभेला भेट दिले. सोबतच्या पत्रात त्याने लिहिले होते : ‘ज्या नावावर राजाने बंदी घातली, ते नाव या पुस्तकात आजही वाचता येते.’

नाव थॉमस बेकेट या धर्माध्यक्षाचे. बाराव्या शतकात राजाच्या सरदारांनी त्याला त्याच्याच चर्चमध्ये ठार केले, लोकांनी त्याला संत मानले, आणि पुढे साडेतीनशे वर्षांनी दुसऱ्या एका राजाने, आठव्या हेन्रीने, हुकूम काढला की राजाशी वैर धरणाऱ्या या माणसाचे नाव देशातल्या प्रत्येक पुस्तकातून खोडावे. कुठल्या गावाने तो हुकूम किती पाळला, हा मिस हार्टलींच्या अभ्यासाचा विषय. न्यायाधीशाच्या पत्रातले ते एक वाक्य वाचून त्या इतक्या दूर आल्या होत्या. त्यांनी डिसेंबरचे पान उघडले. एकोणतिसाव्या ओळीत, नावाच्या जागी, दीड इंच लांबीची काळीकुट्ट पट्टी होती.

पुस्तक सप्टेंबर ते नोव्हेंबर शिवणीच्या दुरुस्तीसाठी रुमावांच्या ताब्यात होते. त्यांच्या खणात काजळीच्या शाईची बाटली सापडली. पुस्तकांच्या पाठी काळ्या करायला ते ती स्वतः बनवत. आणि कागदात गुंडाळून ठेवलेला, काळा झालेला कापसाचा बोळा सापडला. विचारल्यावर ते इतकेच म्हणाले होते : ‘शाई माझी. बोळा माझा. काळं मी केलं नाही.’

माझी चाचणी साधी होती. त्या काळी चर्मपत्रावर लिहायची इंग्लंडमधली शाई हिराकस आणि माजूफळ यांची. तिच्यात लोह असते. योग्य रसायनाचा थेंब पडला की ती निळी होते. पुस्तकातल्या अक्षरांचा सुईच्या अग्राएवढा कण निळा झाला. काळ्या पट्टीचा झाला नाही. ती शुद्ध काजळी होती, आणि पाण्याने सुटत होती. म्हणून, इथली. म्हणून, अलीकडची.

‘बाई, एक विचारू?’ दाराशी उभे असलेले रुमाव म्हणाले. ‘माझी शाई तपासलीत?’

‘तपासली. काजळी आहे.’

‘आणि पानावरची?’

‘तीही काजळी.’

‘मग आमच्या घरचा तवा राहिला तपासायचा. त्याच्या बुडालाही काजळीच आहे.’

‘बस्त्याव, इथे चेष्टा नको,’ तळपदे म्हणाले. ‘तू आजपासून निलंबित आहेस. शुक्रवारी कार्यकारी मंडळापुढे ये. बडतर्फी आणि पोलिसात तक्रार, दोन्हींचा निर्णय तिथे होईल.’

रुमावांनी एप्रनची घडी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली, मिस हार्टलींना मान लववली आणि ते निघून गेले. त्याच संध्याकाळी माझा अहवाल टंकून, सही होऊन सभेकडे पोचला. त्यात ते वाक्य होते : ‘सदर शाई स्थानिक बनावटीची असून ती अलीकडील दुरुस्तीच्या काळातील आहे.’

तवा मला रात्रभर छळत होता असे मी म्हणणार नाही. मला नीट झोप लागली. मंगळवारी सकाळी प्रयोगवहीत नोंदी उतरवताना मात्र हात थांबला. निरीक्षणांच्या रकान्यात मी लिहिले होते : काजळी, लोह नाही, पाण्यात सुटते. निष्कर्षाच्या रकान्यात लिहिले होते : रुमाव. या दोहोंच्या मधल्या रकान्यात काही नव्हते. दोन पदार्थ एकाच जातीचे आहेत एवढे मी दाखवले होते. दोन्ही एकाच बाटलीतले आहेत हे दाखवले नव्हते.

प्रयोगवहीचा एक नियम आम्हाला पहिल्या दिवशी शिकवला जाई. चुकीची नोंद रबराने पुसायची नाही, वर गिरवायची नाही, पान फाडायचे नाही. एकच रेघ मारायची, खालचे वाचता येईल अशी, आणि शेजारी सही करायची. मी ‘रुमाव’ या शब्दावर रेघ मारली, सही केली आणि सभेत फोन लावला.

‘डॉक्टर, प्रकरण मिटलंय,’ तळपदे म्हणाले.

‘मिटलेलं नाही. माझ्या निष्कर्षात चूक आहे.’

‘कुठली?’

‘अजून माहीत नाही.’

‘शुक्रवार दुपारी तीनपर्यंत माहीत करून घ्या,’ ते म्हणाले. ते दुष्ट नव्हते. त्यांना फाइल बंद झालेली आवडत असे, एवढेच.

पहिला मार्ग चटकन सुचला आणि तितक्याच चटकन बंद झाला. रुमावांची शाई सरसात कालवलेली होती. सरस जनावराच्या कातड्यापासून होतो, त्यात प्रथिन असते. पट्टीच्या शाईत प्रथिन नसेल तर ती वेगळी ठरेल. पण चर्मपत्र म्हणजेही कातडेच. कण खरवडून घेताना त्याच्यासोबत पान थोडेसे येणारच. चाचणी जांभळी आली, म्हणजे प्रथिन होते, आणि त्याला काही अर्थ नव्हता. मंगळवार असा गेला.

बुधवारी मी पुन्हा ग्रंथालयात गेले. मिस हार्टली पुस्तकाशीच बसल्या होत्या. त्यांची माझ्याशी वागणूक सौजन्याची होती. बोलणे इंग्रजीतून होई, इथे मी ते मराठीत देते आहे.

‘हे पाहिलंत?’ त्यांनी मधले चित्र उघडले. क्रुसावरचा ख्रिस्त, त्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला शिष्य. आईच्या झग्याचा निळा रंग पाचशे वर्षांनीही ओला असल्यासारखा दिसत होता. मागे सोन्याचा वर्ख, आणि त्यावर बोथट हत्याराने उठवलेले बारीक ठिपके. चित्र जवळजवळ अभंग होते. त्याच्या खाली, समासात, एक लहानसा क्रूस वेगळा काढलेला होता आणि तो मात्र पार झिजला होता. चर्मपत्र उघडे पडले होते.

‘पाद्री मिस्साच्या वेळी चित्राचं चुंबन घेई,’ त्या म्हणाल्या. ‘रोज घेतलं तर चित्र जाणार. म्हणून चित्रकाराने खाली हा वेगळा क्रूस काढून ठेवला. चुंबन इथे घ्या, वर नको.’

‘ओठांची ओल आणि तेलकटपणा,’ मी म्हणाले.

‘हो. तो हे जाणून होता.’

मला श्रद्धा नाही; पण श्रद्धेने होणारी झीज आधीच धरून तिच्यासाठी जागा राखून ठेवणारा माणूस मला एकदम कळला. मी वहीत लिहिले : ‘कोणता रंग कशाने जातो, हे या लोकांना नीट ठाऊक होते.’ तेव्हा त्या नोंदीचा मला काही उपयोग दिसत नव्हता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी समोरच्या बागेत गेले. तिथे बाकावर रुमाव बसले होते. मांडीवर डबा.

‘तुम्ही इथे?’

‘घरी सांगितलेलं नाही,’ ते सरकून जागा देत म्हणाले. ‘बायको रोज डबा देते. डबा कुठेतरी खायला हवा. बोंबील चालतो का तुम्हाला?’

‘नाही.’

‘वाटलंच. बसा तरी.’

मी बसले आणि सांगितले की माझा निष्कर्ष घाईचा होता.

‘तुम्हा सायन्सवाल्यांचं बरं असतं,’ ते म्हणाले. ‘आधी फाशी, मग चौकशी. आणि चुकलं तर नवीन शोध.’

‘बोळा कशाचा होता, रुमाव?’

त्यांनी डब्याचे झाकण लावले. पुन्हा काढले. ‘पानावर खळीचा जुना डाग होता. ओल्या बोळ्याने तो उचलत होतो. हात सरकला. बोळा काळ्याला लागला आणि काळं बोळ्यावर आलं. इतक्या सहज की मीच दचकलो. आणि खाली एका अक्षराचं टोक दिसलं. आडवी दांडी.’

‘मग?’

‘मग काय? मी रोज जपमाळ ओढणारा माणूस. एकोणतीस डिसेंबरला कोणाचा सण, हे मला पाठ आहे. आणखी दोन वेळा बोळा फिरवला असता तर संताचं नाव माझ्या हातून उघडं झालं असतं.’

‘का नाही फिरवलात?’

‘मला पुस्तक शिवायला दिलं होतं, बाई. वाचायला नव्हतं दिलं.’

‘हे सोमवारी का सांगितलं नाहीत?’

‘लेखी परवानगीशिवाय पानाला पाणी लावलं, हे सांगायचं? पस्तीस वर्षं हाताखालच्यांना तेच शिकवत आलो, की पाणी लावायचं तर आधी लिहून घ्या.’ त्यांनी डबा बाकावर ठेवला. ‘चोर म्हणाले तर म्हणोत. त्यात खोटेपणा त्यांचा. अडाणी म्हणाले असते तर ते खरं झालं असतं.’

असा हिशेब मी कधी ऐकला नव्हता. पण त्यात तर्कदोष नव्हता.

‘तुम्ही हातात घेतलं तेव्हा पट्टी होती, याला पुरावा आहे?’

‘भोकांचा नकाशा आहे.’

‘कसला?’

‘शिवण उसवायच्या आधी मी प्रत्येक पानावर ट्रेसिंग पेपर ठेवतो आणि किड्याने केलेली भोकं उतरून घेतो. किडा सरळ जावो की तिरका, पण एकाच वाटेने जातो. पानं सुटी झाली, क्रम चुकला, तर भोकं जुळवून बघायची. भोक खोटं बोलत नाही. नकाशा खणातच आहे. त्यात काळी पट्टीही काढली आहे. पट्टीच्या टोकातून भोक गेलंय.’

‘नकाशा तुम्हीच काढलेला. तो तुमच्या बाजूने पुरावा होत नाही.’

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘म्हणून तर बोललो नाही.’

मी उठले. चार पावले गेल्यावर थांबले. भोक पट्टीच्या टोकातून गेले होते. म्हणजे पट्टी आधी की भोक आधी, हा प्रश्न विचारता येत होता. आणि त्याचे उत्तर रुमावांच्या कागदावर नव्हते, पानावरच होते.

‘रुमाव, किडकं चर्मपत्र मिळेल का? टाकाऊ?’

‘कपाटाखालच्या पेटीत जुन्या खरेदीखतांच्या कडा आहेत. पण मला आत येऊ देत नाहीत.’

‘मला देतात,’ मी म्हणाले.

गुरुवारी मी दिवसभर भोके पाहिली. भिंगाखाली डिसेंबरच्या पानावरचे भोक टाचणीच्या डोक्याहून लहान दिसत होते. त्याच्या काठापर्यंत काळे होते आणि काठाशी ते सुरीने कापल्यासारखे संपत होते. भोकाची आतली भिंत स्वच्छ, चर्मपत्राच्या रंगाची. त्याच्या खालच्या पानावर काहीच सांडलेले नव्हते.

मग मी रुमावांच्या पेटीतल्या किडक्या तुकड्यांवर, त्यांच्याच बाटलीतल्या शाईने, सात भोकांवरून पट्ट्या ओढल्या. सातही वेळा शाई भोकात उतरली, भिंत काळी झाली आणि खालच्या कागदावर ठिपका पडला. शाई घट्ट करून आणखी तीनदा पाहिले. ठिपका लहान झाला, भिंत काळीच राहिली. उलट, आधी पट्टी ओढून, ती वाळवून, मग बारीक गिरमिटाने भोक पाडले, तेव्हा भिंत स्वच्छ राहिली. म्हणजे पट्टी आधीची, किडा नंतरचा.

आता किडा कधीचा, एवढेच उरले होते. तेच भोक मी पानापानातून मागे नेले. किडा लाकडी पुठ्ठ्यातून आत शिरला होता आणि थोडा तिरका जात डिसेंबरपर्यंत आला होता. पहिल्याच पानावर, जानेवारीच्या कोपऱ्यात, सभेचा वाटोळा जांभळा शिक्का होता. त्यात पुस्तक दाखल झाल्याचे साल : १८७१. भोक शिक्क्याच्या मधून गेले होते. त्याची भिंत जांभळी होती. मी पान उलटले. खालच्या पानावर, बरोबर त्या जागी, एक जांभळा ठिपका होता.

शिक्का मारला तेव्हा भोक होतेच. भोक पडले तेव्हा पट्टी होतीच. रुमाव सभेत लागले १९३९ साली.

संध्याकाळी बागेत मी त्यांना हे सांगितले. 

‘अहवालात बोळ्याबद्दलही लिहावं लागेल,’ मी म्हणाले. ‘पट्टीचा कोपरा ओलाव्याने फिका झाला आहे. मला तो दिसला, म्हणजे लिहिणं भाग आहे. तुमची हरकत असेल तर आत्ता सांगा. हरकत असली तरी लिहीन, पण तुम्हाला आधी कळलेलं बरं.’

ते हसले. ‘मग विचारता कशाला?’

‘शिष्टाचार.’

‘लिहा,’ ते म्हणाले. ‘नाही, थांबा. तुम्ही लिहा, पण सांगेन मी.’

शुक्रवारी तीन वाजता मंडळाचे सात सभासद जमले. मी नवा अहवाल वाचला. पट्टी, भोक, शिक्का, या क्रमाने. भिंग सगळ्यांच्या हातातून फिरले. जांभळा ठिपका पाहून एका वृद्ध सभासदांनी ‘अरे वा’ म्हटले आणि मग, बैठक गंभीर आहे हे आठवून, ते खोकले.

‘शाई घट्ट असेल तर?’ तळपदे म्हणाले.

‘तीन वेळा पाहिलं. पान चारवर आहे.’

‘आणि न्यायाधीशांचं पत्र? नाव वाचता येतं असं ते म्हणतात. १८७१ साली पट्टी होती, तर वाचलं कसं?’

उत्तरादाखल मिस हार्टलींनी पान उलटले. डिसेंबरच्या पाठीवर नोव्हेंबर होता. तिथल्या एकोणतिसाव्या ओळीत कोणाचाच सण नव्हता. जागा कोरी होती. तिथे, अगदी फिक्या तपकिरी रंगात, काहीतरी उमटलेले होते.

‘लोहाची शाई चामड्यात उतरते,’ मी म्हणाले. ‘शतकानुशतके उतरत राहते.’

मिस हार्टलींनी पर्समधून पावडरीची डबी काढली, उघडली आणि झाकणातला वाटोळा आरसा पानाजवळ धरला. आरशात उलटी अक्षरे सुलटी झाली. त्यांनी ती वाचून दाखवली. एका संताचे नाव, आणि पुढे ‘हुतात्मा’ या अर्थाचा शब्द. आरसा थोडा तिरका करून त्यांनी ते पुन्हा वाचले.

रुमावांना आत बोलावण्यात आले. कोणी काही विचारण्यापूर्वीच ते बोलले. ‘डाग काढताना माझा ओला बोळा पट्टीला लागला. एक अक्षर थोडं उघडं पडलं. परवानगी घेतली नव्हती. ही चूक माझी.’

मंडळाने निलंबन रद्द केले आणि बोळ्यासाठी लेखी समज दिली. रुमावांनी दोन्ही कागदांवर सारख्याच अक्षरात सही केली.

‘मग हे काळं केलं कोणी?’ खोकणाऱ्या सभासदांनी विचारले.

‘तिथल्याच पाद्र्याने, राजाचा हुकूम आल्यावर. हा माझा अंदाज,’ मिस हार्टली म्हणाल्या. ‘पण एक गोष्ट विचित्र आहे. त्याच काळातल्या हाताने याच पानाच्या तळाशी गावातल्या एका मयताची नोंद केली आहे. ती नेहमीच्या तपकिरी शाईत. म्हणजे पक्की शाई त्याच्या टेबलावर होती. बाकीच्या पुस्तकांत हे नाव चाकूने खरवडलेलं सापडतं. इथे काजळी कुठून आली?’

माझ्या वहीतली बुधवारची ओळ मला आठवली : कोणता रंग कशाने जातो, हे या लोकांना नीट ठाऊक होते.

‘ज्याला नाव नकोच असतं तो चाकू घेतो,’ रुमाव म्हणाले. ‘याने तव्याखालचं काळं घेतलं. तपासायला आलेल्याला काळं दिसावं, आणि दिवस फिरले की ओल्या फडक्याने निघावं.’

‘हेतू शाईत सापडत नाही, रुमाव,’ मी म्हणाले.

‘शाईत नाही सापडत, बाई. शाई निवडली, त्यात सापडतो.’

‘मग आता पुसून टाकायला काय हरकत आहे?’ एक सभासद म्हणाले. ‘राजा गेला, पाद्री गेला. दोन मिनिटांचं काम.’

मिस हार्टलींनी रुमावांकडे पाहिले. इतक्या दुरून त्या ज्या नावासाठी आल्या होत्या, ते बोटभर अंतरावर होते.

‘पुसलं तर नाव राहील,’ रुमाव म्हणाले. ‘ते काळं करणारा माणूस राहणार नाही.’

मिस हार्टलींसाठी मी ते इंग्रजीत सांगितले. त्यांनी आरशाची डबी मिटली. पान तसेच ठेवायचे ठरले.

सभासद गेल्यावर तळपद्यांनी फाइलीतून माझा सोमवारचा अहवाल काढला.

‘हा आता नको,’ ते म्हणाले.

‘तो राहू द्या. चुकीच्या वाक्यावर मी रेघ मारते, सही करते.’

‘डॉक्टर, ही सभेची फाइल आहे, तुमची प्रयोगवही नव्हे. त्यात रुमाववर आरोप आहे. तुमचीही शोभा नाही.’

‘चूक झाली हे दिसलं पाहिजे.’

‘कोणाला?’ असे म्हणून त्यांनी कागद मधून फाडला आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकला. मी वाद घातला. हरले. रुमाव दाराशी उभे राहून एप्रन बांधत होते.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. नाताळात त्यांच्याकडून वसईच्या केळ्यांचा एक घड येई. मी उलट पत्र पाठवी. १९९१ नंतर घड आला नाही.

१९९६ साली मी स्वतः निवृत्तीला आले होते. जुन्या शायांवर एक लेख लिहायचा होता, म्हणून सभेत गेले. तळपदे केव्हाच वारले होते. मी १९७४ सालच्या पत्रव्यवहाराचा बांधीव खंड मागवला. काळी पाठ, सोनेरी आकडे, शिवण घट्ट. आतल्या चिठ्ठीवर बांधणी करणाऱ्याची आद्याक्षरे होती : ब. रु.

शुक्रवारच्या अहवालाआधी सोमवारचा अहवाल होता. मधोमध फाटलेला, पातळ कागदाची पट्टी लावून इतक्या सफाईने जोडलेला, की सांधा शोधावा लागला. माझी सही होती. तारीख होती. फक्त एका वाक्यावर काळी पट्टी होती. ‘सदर शाई’ या शब्दांपासून ‘काळातील आहे’पर्यंत. पट्टी एका हाताने, न थांबता ओढलेली.

कोणती शाई, हे तपासायला माझ्याजवळ काही नव्हते. तर्जनी ओली करणे शक्य होते. मी ती ओठापर्यंत नेली आणि खाली घेतली. पान उलटले. टंकयंत्राचे ठोके कागदाच्या पाठीवर उठलेले होते. पर्समध्ये आरसा होता. त्याची गरज लागली नाही, ते वाक्य मला पाठ होते.

मी पान सुलट केले. प्रयोगवहीच्या नियमाप्रमाणे खोडलेल्या मजकुराशेजारी ज्याची चूक त्याची सही लागते. पट्टीच्या टोकाशी, समासात, मी पेन्सिलीने माझी आद्याक्षरे घातली. तारीख त्या दिवशीचीच घातली, मागची नव्हे. आणि खंड परत केला.